पांढऱ्या यादीतली गाडी

मुंजाजी दोन दिवस जिन्यापाशी येऊन परत गेला होता. तिसऱ्या दिवशी भगवानराव साहेब जेवायला घरी गेले, जीपचा ड्रायव्हर खाली रसवंतीवर जाऊन बसला, तेव्हा कुठं तो वर आला. दारातच चपला काढून उभा राहिला.

"आत या की," सत्यशीला म्हणाली. "पासिंगचं काम असेल तर साहेब तीनला येतात."

"साहेबाचं काम न्हाई. तुमच्यापाशीच हाय." पन्नाशीचा माणूस, खाकी शर्ट, बोटांच्या पेरांत मुरलेलं काळं ऑईल. मागं वळून त्यानं जिना बघून घेतला. "बाई, आमची गाडी लाल यादीत घालता का?"

सत्यशीलेला वाटलं, आपण उलटं ऐकलं. या दोन खोल्यांत माणसं यायची ती लाल यादीतून नाव काढा म्हणून. कुणी हात जोडायचं, कुणी आवाज चढवायचं, कुणी आमदाराची चिठ्ठी आणायचं. घाला म्हणून आजवर कुणी आलं नव्हतं.

"गाडी कुणाची?"

"बन्सीधरशेठची. लग्नाच्या वऱ्हाडाची बस. चौदा साल झाले मी तिच्यावर हाय." तो खाली बघत बोलत होता. "पायडल खाली बसायलंय. दोनदा-तीनदा दाबलं की मंग धरतंय. कधी धरत बी न्हाई. शेठला सांगून सांगून बेजार झालो. शेठ म्हनतो, आपन पांढऱ्या यादीत हाओत, सरकारचा कागद हाय, तुलाच कामून भ्याव वाटायलंय? तुमी लाल केली तर रस्त्यात कुनीतरी थांबवंल. चाक खोलून बगंल."

"मग हेच लिहून द्या. खाली सही करा."

"सही केली की मी घरी. त्याची फिकीर न्हाई, पन गाडीवर दुसरा बसंल. त्याला पायडलचं ठावं बी नसंल."

एवढं बोलून तो चपला हातात घेऊन खाली उतरला. सत्यशीला रिकाम्या दाराकडं बघत राहिली.

परभणीत पिठाच्या गिरणीच्या वरच्या मजल्यावर हे पाहणी पथक बसून दीड वर्ष झालं होतं. सरकारनं काही जिल्ह्यांत अजमावून बघायला काढलेलं काम. माणसं तीन : तपासणी करणारे भगवानराव, टेबलावर सत्यशीला आणि जीपचा ड्रायव्हर. गाड्यांचे मालक मात्र दोनशे बारा. एवढ्यांच्या गाड्या रोज कोण तपासणार? म्हणून वरून एक छापील तक्ता आला होता. ज्याच्या गाडीत दोष सापडेल त्या मालकाच्या नावावर गुण चढवायचे. ब्रेकला वीस, टायरला दहा, विनालायसन ड्रायव्हरला पंधरा, अपघाताला पंधरा, लेखी तक्रारीला पाच. बेरीज पन्नासच्या वर गेली की लाल यादी : ती गाडी दिसेल तिथं थांबवायची. वीस ते पन्नास पिवळी : पंधरा दिवसांची नोटीस देऊन गाडी बोलवायची. वीस आणि त्याखाली पांढरी : रस्त्यात अडवायचं नाही, पासिंगही कागदावरच.

तिनं बन्सीधरशेठची फाईल काढली. अकरा बसगाड्या. ब्रेक शून्य, टायर शून्य, ड्रायव्हर शून्य, अपघात शून्य, तक्रार शून्य. सगळी शून्यं गोल, सुबक, एका ओळीत. अक्षर तिचंच होतं.

तपासणीचे अहवाल बघायला तिनं पानं उलटली, तर अहवाल नव्हतेच. एकही नव्हता. पथक उभं राहायचं ते स्टेशनच्या रस्त्यावर आणि धान्याच्या मोंढ्यापाशी, आणि वऱ्हाडाच्या गाड्या तिकडून जात नव्हत्या. लिंबाजी म्हणून एक गरीब टेंपोवाला होता, तो रोज मोंढ्यात यायचा, नऊ वेळा अडवला गेला, त्याच्या नावावर चौऱ्याहत्तर गुण. ज्याला कुणी बघितलंच नव्हतं तो जिल्ह्यातला सगळ्यात चांगला मालक ठरला होता. तक्त्याच्या मागं बारीक अक्षरात सूचना होती : नोंद नसल्यास शून्य धरावे. तिनं धरलं होतं.

भगवानराव आले तेव्हा तिनं सगळं सांगितलं, मुंजाजीचं नाव तेवढं वगळून.

भगवानरावांनी चष्मा पुसला. माणूस वाईट नव्हता, पण नोकरीची तीन वर्षं राहिली होती. "लेखी आहे का काही?"

"नाही साहेब."

"मग मी पांढऱ्या यादीतल्या गाडीला हात लावला तर उद्या मला विचारतील, हिलाच का अडवली? काय सांगू? कुणीतरी कुणाला तरी बोललं?"

"निदान एकदा बघून तरी यावं…"

"सत्यशीलाबाई, यादी केली ती कशाला? आपल्या मनानं कुणाला धरू नये म्हणूनच ना?"

म्हणणं खरंच होतं.

रविवारी सकाळी मुंजाजी रिकामी गाडी घेऊन बोरीला वऱ्हाड आणायला निघाला होता. जिंतूर नाक्यावर सत्यशीला हात करून उभी होती. तिला बघून तो घाबरला, पण थांबला. थांबला म्हणजे चांगला वीस पावलं पुढं जाऊन थांबला.

ती त्याच्या मागच्या बाकावर बसली. झरी गाव मागं पडलं. चैत्राचं ऊन, दोन्हीकडं उलंगलेली रानं, ज्वारीची धसकटं. मग बोरीच्या अलीकडचा उतार आला. खाली ओढा, ओढ्यावर अरुंद पूल, आणि पुलाच्या दोन्ही तोंडांशी वळण.

"आता बगा," मुंजाजी म्हणाला.

त्यानं पाय दाबला. पायडल भक्कन खाली गेलं, नुसत्या हवेत गेल्यासारखं. गाडी तशीच पळत राहिली. त्यानं पुन्हा दाबलं, पुन्हा दाबलं, गिअर खाली ओढला तशी गाडी कण्हली. मग त्यानं दोन्ही हातांनी हँडब्रेक वर घेतला. सत्यशीलेनं पुढच्या दांडीला मिठी मारली होती. पुलाचा कठडा खिडकीपाशी आला, सरकला, मागं गेला. पलीकडच्या चढावर गाडी आपोआप हळू झाली.

मुंजाजीनं गमछ्यानं मान पुसली. "रिकामी हाय म्हनून. सत्तर मानसं भरली की ह्याच उताराला मी देवाचं नाव बी घेत न्हाई, तितका बी टाईम न्हाई भेटत."

सोमवारी तिनं तक्रारीचा कोरा कागद घेतला आणि तक्रारदाराच्या जागी स्वतःचं नाव लिहिलं. सदर गाडीतून मी प्रवास केला, ब्रेक लागत नाहीत हे डोळ्यांनी पाहिलं. भगवानरावांनी कागद दोनदा वाचला, तिच्याकडं बघितलं आणि आवक शिक्का मारला. पाच गुण झाले. पांढरी यादी वीसपर्यंत होती.

मुंजाजीनंच मग वालूरच्या दगडाबाईचं सांगितलं. वालूरच्या बौद्ध वस्तीत सत्यशीला गेली तेव्हा दगडाबाई डाव्या हातानं भाकरी थापत होती. उजवा हात कोपरातून वाकडा.

"जयभीम, मावशी."

"जयभीम. ये माय, बस."

एका लग्नाच्या स्वयंपाकाला गेलेल्या बायका घेऊन येताना गाडी लिंबावर आदळली होती. "दवाखान्यात माळवदावरून पडले म्हनून सांग म्हनले शेठचे मानसं. आमी सांगितलं. काय करावं माय, त्यांच्याच गाडीत बसून घरी यायचं हुतं." तिनं पिठाचा हात पुसून अंगठा दिला. न नोंदवलेला अपघात, पंधरा गुण. बेरीज वीस.

त्याच आठवड्यात बन्सीधरशेठ स्वतः वर आले. पांढरं धोतर, हसरा चेहरा, आवाज इतका मऊ की गिरणीच्या घरघरीत कान द्यावा लागावा. भगवानराव फिरतीवर होते. शेठ खुर्ची ओढून तिच्यासमोर बसले.

"तुमचं गाव कोनतं, बाई?"

तिनं सांगितलं.

"असं का? म्हंजे आपली जुनी वळख हाय." शेठ पुढं झुकले. "अठ्ठ्याहत्तरला नामांतराच्या वक्ताला तुमची वस्ती जळाली, तवा मानसं परभनीला कुनाच्या ट्रकमंदी आली? इचारा वडलांला."

विचारायची गरज नव्हती. ती तेव्हा सोळा वर्षांची होती. ट्रकच्या फळीला पाठ लावून बसलेली, मांडीवर आईनं वाचवलेली शिवणाची पेटी. कपाळ पुसून वडील रस्ताभर म्हणत होते, माणूस देव आहे. तो ट्रक कुणाचा ते तिला आजवर माहीत नव्हतं.

"उपकार म्हनून न्हाई सांगत," शेठ म्हणाले. "आता पुन्हा नामांतराचं वातावरन तापायलंय. गावाकडं वडील एकटेच असतेत, न्हाई का? पुन्हा वक्त आला तर गाडी लागंल. आपली गाडी कवा बी तयार हाय." ते उठले, वाकून नमस्कार केला. "तक्रार कोन केली ते इचारनार न्हाई मी. तुमचं काम तुमी करा."

ते गेल्यावर तिच्या लक्षात आलं, आपण मघापासून पेनचं टोपण चावत होतो. त्या माणसानं धमकी दिली की आधार, हे तिला सांगता आलं नसतं. पण त्या रात्रीपासून वडिलांनी परभणीत राहायला यावं असं तिनं त्यांना तीन पत्रांतून कळवलं. ते आले नाहीत.

मुंजाजीला तिनं सगळं सांगितलं. एक तक्रार कमी पडत होती. त्यानं दोन्ही हात शर्टाला पुसले. मग म्हणाला, "आना कागद." एकेक अक्षर कोरल्यासारखी त्यानं सही केली.

पंचवीस. पिवळी यादी. अकरा गाड्या पंधरा दिवसांत तपासणीस हजर करा, अशी नोटीस निघाली. सत्यशीलेला दोन दिवस हलकं वाटलं.

अकराव्या दिवशी टपालात एक जाड लिफाफा आला. अकराही गाड्यांची मालकी बदलली होती. नवीन मालक, श्रीमती नर्मदाबाई. शेठची बायको. कागद सगळे चोख. जुनी नोटीस जुन्या मालकाच्या नावावर, आणि त्याच्याकडं आता गाडीच नव्हती. नव्या मालकाची नोंद नव्हती.

"नवीन फाईल उघडा," भगवानराव म्हणाले.

"आणि गुण?"

ते खिडकीतून बाहेर बघत राहिले. सत्यशीलेनं तक्ता भरला नाही. पण न भरल्यानं काही अडत नव्हतं. कोऱ्या तक्त्याची गाडीही पांढरीच असते.

अक्षय तृतीयेला मुहूर्त मोठा होता. दुपारी दोनला मुंजाजी जिना चढत आला, या वेळी चपलांसकट.

"बाई, मला काढून दहा दिस झाले. ते जाऊ द्या. माझ्या गाडीवर कुनीतरी नवा बसवलाय. चुडाव्याचं वऱ्हाड घेऊन बोरीला गेलाय सकाळी. दोन गाड्या हायत, एक माझी आन एक नवी. चारला मागारी निघतेत." त्याला दम लागला होता. "जाताना उतारावर कसा वाचला काय की. सकाळी अर्धी भरलेली हुती. येताना नवरीकडले बी बसतेत."

भगवानराव आतल्या खोलीतून बाहेर आले होते. सत्यशीलेनं त्यांच्याकडं बघितलं.

ते टेबलापाशी आले, पांढरी यादी उचलली, तिच्यावर एकदा नजर फिरवली आणि खणात टाकली. "जीप काढायला सांगा," म्हणाले. "मुंजाजी, तुम्ही पण चला. मांडवातच गाठू."

मांडवात गाठता आलं नाही. ओढा ओलांडून पलीकडच्या चढाच्या माथ्याशी आले तेव्हाच समोरून धूळ दिसली. वऱ्हाड लवकर निघालं होतं. बोरीकडून येणाऱ्या गाडीला हाच चढ उतार होता आणि तो सुरू व्हायच्या आधी थोडी सपाट जागा होती. जीप रस्त्याच्या कडेला लावून भगवानराव मध्ये उभे राहिले, हात वर करून. मुंजाजी दोन्ही हातांनी गमछा हलवत पुढं धावला.

"गियर वड! गियर वड रे! पायडलचा भरवसा धरू नको!"

गाडी भगवानरावांच्या अंगावर येता येता बाजूला झाली, त्यांना ओलांडून गेली आणि जिथून रस्ता खाली वाकत होता तिथं, पुढची चाकं बाभळीच्या मुळ्यांत घालून थांबली. आतून किंकाळ्या, मग शिव्या. माणसं उतरू लागली : फेटे, पिवळी पातळं, बँडवाल्याचा ताशा. नव्या ड्रायव्हरच्या ओठांना रंग नव्हता. भगवानरावांनी स्वतः वर चढून पायडल दाबलं. ते शेवटपर्यंत खाली गेलं आणि वर आलंच नाही. मागच्या चाकाच्या आतून ब्रेक ऑईल थेंबाथेंबानं धुळीत पडत होतं.

"मुहूर्ताच्या दिवशी गाडी अडवता? लाज वाटती का?" नवरदेवाचा मामा भगवानरावांच्या अंगावर धावून आला. भगवानरावांनी त्याला चाकापाशी नेलं आणि दाखवलं. मामा बघत राहिला. मग खाली पुलाकडं त्याची नजर गेली आणि तो मटकन दगडावर बसला.

सत्यशीलेला रडू येत होतं, पण ते सुटल्याचं रडू होतं. सत्तर माणसं रस्त्याच्या कडेला उभी होती, पाणी मागत होती, भांडत होती. जिवंत होती.

तेवढ्यात दुसऱ्या गाडीचा हॉर्न आला.

"ती नवी हाय," मुंजाजी म्हणाला. "तिचे बिरीक चांगले हायत. तिची फिकीर न्हाई."

भगवानरावांनी तिलाही हात केला. गाडी दिसली तेव्हा हळूच येत होती. मग ड्रायव्हरला जीप दिसली, खाकी कपडे दिसले, आणि गाडीचा आवाज बदलला. ती हळू होत नव्हती, तर जोरात येत होती. उभी असलेली माणसं दोन्हीकडं पांगली. सत्यशीलेला खिडकीतले चेहरे दिसले, हसणारे. खाली उभ्या असलेल्या पाहुण्यांना ते हात हलवत होते. गाडी त्यांच्यासमोरून तशीच उतारावर गेली.

"अरे थांब! थांब की रे!" मुंजाजी ओरडत धावला.

हॉर्न वाजतच राहिला. मग वळणावर तो थांबला, आणि एक आवाज आला, फार मोठा नाही, पत्र्याची पेटी माळवदावरून पडावी तसा. त्यानंतर किती तरी वेळ काहीच आलं नाही.

दोन बायका आणि नवरदेवाचा चुलता त्या ओढ्यात गेले. एकवीस जणांना परभणीला नेलं, पथकाच्या जीपमधून तीन फेऱ्यांत. ड्रायव्हर वाचला. त्याच्याकडं मोठ्या गाडीचं लायसन नव्हतं. पथक दिसलं तर थांबायचं नाही, आपल्याला कुणी अडवू शकत नाही, असं शेठनं सांगितलं होतं, एवढंच तो सांगत राहिला.

चौकशी पावसाळ्यात झाली. भगवानरावांना विचारलं, पांढऱ्या यादीतली गाडी कोणत्या अधिकारात अडवली. ते म्हणाले, "अधिकार नव्हता. डोळे होते." त्यांची बदली झाली, नोकरीची उरलेली वर्षं त्यांनी विदर्भात काढली.

मग सत्यशीलेला उभं केलं. तिनं तक्त्यामागची सूचना वाचून दाखवली, न केलेल्या तपासण्या सांगितल्या, दगडाबाईचा हात सांगितला, मालकी बदलल्याची तारीख सांगितली. चौकशी अधिकारी लिहून घेत होते. शेवटी त्यांनी पेन खाली ठेवलं.

"एकच विचारतो. त्या दिवशी तुम्ही लोक रस्त्यात उभे नसता, तर दुसरी गाडी एवढ्या वेगानं गेली असती का?"

मागच्या बाकावर बन्सीधरशेठ बसले होते. मुंजाजी दाराशी उभा होता. त्यानं मान हलवली, नका सांगू म्हणून.

"नसती गेली," सत्यशीला म्हणाली. "आणि पहिली गाडी थांबली नसती."

अधिकाऱ्यांनी पहिलं वाक्य लिहिलं. दुसरं लिहिलेलं तिला दिसलं नाही. ती तिथंच उभी राहिली.

"साहेब, दुसरं पण लिहा," ती म्हणाली. "मी थांबते."

त्यांनी वर बघितलं. मग पेन उचललं.

दिवाळीच्या आत बन्सीधरशेठच्या नऊ गाड्या पुन्हा रस्त्यावर आल्या, सेलूच्या एका नव्या मालकाच्या नावावर. लग्नं तुळशीनंतर सुरू व्हायची होती.